फवारलेले औषध विहिरीत उतरते का, हे कोण तपासणार?

जायकवाडीत आज किती टक्के साठा आहे, हे ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांच्यासाठी पाण्याचा प्रश्न म्हणजे पाणी किती आहे, हाच प्रश्न असणे स्वाभाविक आहे. मात्र जे थोडेफार पाणी आपल्या विहिरींत, बोअरमध्ये आणि पाझर तलावांत उरते, त्यात आपण शेतात वापरलेल्या कीटकनाशकांचा आणि तणनाशकांचा किती अंश उतरला आहे, हे गावाला कळावे अशी कोणतीही नियमित व्यवस्था आपल्याकडे नाही. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

काळी कसदार जमीन औषध धरून ठेवते, ते खाली जाऊ देत नाही, असा समज शेतकऱ्यांतच नव्हे, तर शिकलेल्या मंडळींतही आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. ग्लायफोसेटसारखे तणनाशक चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि बहुतांशी वाहून जाणाऱ्या गाळासोबतच ओढ्यात पोचते. इमिडाक्लोप्रिड, थायमिथोक्झाम यांसारखी कीटकनाशके मात्र पाण्यात सहज विरघळतात, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी जिकडे जाईल तिकडे जातात. त्यातच आपल्या काळ्या मातीचा स्वभाव असा की ती ओली झाली की फुगते आणि वाळली की फाटते. वैशाखात आपल्या रानात पडलेल्या भेगेत हाताचा पंजा सहज जातो, आणि तिची खोली कित्येकदा मीटरभर असते. पावसाने ओढ दिली, तर भर ऑगस्टमध्येही या भेगा पुन्हा उघडतात. नेमक्या त्याच कोरड्या दिवसांत कपाशीवर फुलकिडे वाढतात, म्हणून फवारण्याही वाढतात, आणि खंडानंतर जो मोठा पाऊस कोसळतो त्याचे पहिले पाणी मातीतून गाळून न जाता भेगेतून थेट मुरमात उतरते. मुरमाखाली आपल्याकडे वाळूचे जाड थर नाहीत. तिथे बेसाल्टचा खडक आहे, आणि त्याच्या सांधी-फटींतून जे झरे येतात तेच आपल्या विहिरीचे पाणी असते. वर बैल कमी झाले, शेणखत कमी झाले आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटला, त्यामुळे औषध धरून ठेवण्याची मातीची ताकदही उणावली.

आपल्याकडच्या उन्हात सगळे जळून जाते, असेही एक उत्तर मिळते. पानावर आणि मातीच्या वरच्या थरात काही औषधे उष्णतेने व उन्हाने लवकर विघटित होतात, हे खरे आहे. पण जे एकदा खाली गेले, त्याला तिथे ऊनही नाही आणि वरच्या मातीइतके जिवाणूही नाहीत.

शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या रानात पूर्वी ज्वारी-तूर असायची आणि ज्वारीवर क्वचितच काही फवारले जायचे, त्या रानात आज सोयाबीन आणि कपाशी आहे. बियाण्याला कीटकनाशकाची प्रक्रिया, निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक, मग अळीसाठी एक-दोन फवारण्या, मोसंबीच्या बागेत आळवणी, म्हणजे झाडाच्या बुडाशी औषधाचे पाणी ओतणे, आणि यांतले बरेचसे उधारीवर, दुकानदार देईल ते आणि सांगेल त्या प्रमाणात. ज्याच्याकडून उधारी आहे त्याचाच सल्ला, ही व्यवस्था शेतकऱ्याने निर्माण केलेली नाही. गावोगाव कृषी सहायक वेळेवर पोचत असता, तर मिश्रणात चार-चार औषधे एकत्र घालण्याची पाळी आली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

फवारणीच्या दिवशी शेतातल्या आखाड्यावर काय घडते, ते मात्र नीट पाहिले पाहिजे. दोनशे लिटरचा ड्रम विहिरीच्या काठाशीच ठेवलेला असतो, कारण पाणी तिथेच असते. मोटारीच्या पाइपाचे तोंड ड्रमात बुडवलेले असते, बाटलीच्या झाकणाने मोजून औषध ओतले जाते, काठीने ढवळले जाते आणि वर पांढरा फेस येतो. अशा वेळी वीज गेली आणि फूटव्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी, पाइपाच्या तळाची झडप) गळका असला, तर पाइपातले पाणी उलटे विहिरीत उतरते आणि आपल्यामागे ड्रममधले मिश्रणही ओढून नेते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, कोणाच्या ध्यानातही येत नाही. शेतभर पसरलेल्या औषधातून महिन्याभरात जितके झिरपेल, त्याहून जास्त औषध अशा एका उलट्या प्रवाहातून काही मिनिटांत विहिरीत पडू शकते. पुढे त्याच विहिरीच्या थारोळ्यात पंप धुतला जातो, बाटल्या विसळल्या जातात आणि धुऱ्यावरच्या बाभळीखाली टाकल्या जातात. रिकामी वेष्टने आणि धुवणाचे पाणी यांमुळे पाणी प्रदूषित होऊ नये, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेले आहे. पण रिकामी बाटली नेमकी कोणाकडे परत द्यायची, हे आमच्या भागातल्या कोणत्याही दुकानात मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

आपला कायदा कशाकडे पाहतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. 1958 मध्ये केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले पीठ खाण्यात येऊन शंभरहून अधिक माणसे दगावली, आणि त्या धक्क्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. कायद्याचा जन्मच तात्काळ विषबाधेतून झाल्यामुळे त्याची नजरही तिथेच राहिली. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण औषध अंगात गेल्यास ते किती जहाल आहे, एवढेच सांगतो. ते जमिनीत किती काळ टिकेल, पाण्यात उतरेल का, तळ्यातल्या जीवांचे काय होईल, यांबद्दल तो त्रिकोण काहीही सांगत नाही. अळीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरँट्रानिलिप्रोलवर हिरवा त्रिकोण असतो, माणसाला त्याचा तात्काळ धोका खरोखरच कमी आहे, पण पाण्यातल्या सूक्ष्म जलचरांना ते अत्यंत विषारी आहे आणि जमिनीत दीर्घकाळ टिकते. हिरवा त्रिकोण पाहून उरलेले मिश्रण निर्धास्तपणे ओढ्यात ओतणाऱ्या माणसाला ही माहिती कोणी दिलेली नसते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे वेधले गेले आणि ते वेधले जाणे आवश्यकच होते. पण घोटा-घोटाने, वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या अंशाची बातमी होत नाही.

आता तपासणीकडे वळतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, म्हणजे आयएस 10500, 2012 मध्ये सुधारले गेले आणि त्यात 18 कीटकनाशके व तणनाशके नावानिशी दिली आहेत. त्यांत डीडीटी आहे, एंडोसल्फान आहे, फोरेट आणि मोनोक्रोटोफॉस आहे. पण इमिडाक्लोप्रिड, ग्लायफोसेट आणि सोयाबीनमध्ये सर्वत्र वापरले जाणारे इमॅझेथापायर हे तणनाशक त्या यादीत नाही. एंडोसल्फानवर तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच देशभर बंदी घातली. म्हणजे प्रयोगशाळेने या यादीनुसार प्रामाणिकपणे तपासणी केली, तरी आज आपल्या रानात जे पडते आहे त्यातले बरेचसे तिला सापडणार नाही, कारण ती ते शोधतच नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि ती अत्यंत चांगली आहे. पण त्यांच्या हातातला संच नायट्रेट, फ्लोराइड, क्षार यांसाठी आहे, कीटकनाशकाचा सूक्ष्म अंश ओळखणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. 2003 मध्ये बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि त्यानंतर बाटलीबंद पाण्यासाठी कडक मर्यादा आली. कोणतेही एक कीटकनाशक लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको आणि सर्व मिळून 0.5 पेक्षा जास्त नको, अशी ती मर्यादा आहे.  विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याच्या मानकात मात्र अ‍ॅट्राझिन या तणनाशकाला 2 मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे वीसपट मुभा आहे. हेच अ‍ॅट्राझिन आपल्याकडे मक्यात आणि उसात फवारले जाते. बाटली विकत घेणाऱ्याच्या यकृताला एक माप आणि कापूस वेचता वेचता रानातल्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या बाईच्या यकृताला दुसरे माप, हे कोणत्या न्यायाने, याचे उत्तर मिळाले पाहिजे. आज गावोगाव वीस लिटरचे जार विकले जातात आणि ज्यांना परवडते ते घेतात. ज्यांना परवडत नाही तेच फवारणीचा पंप पाठीवर घेऊन हिंडतात.

अजून कोणाला काही झालेले नाही, असे म्हणून हा विषय टाळणाऱ्यांनी केरळमधले कासरगोड आठवावे. तिथे काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारणे वर्षानुवर्षे चालू होते, लोक आजारांची तक्रार करत होते, आणि पुरावा कुठे आहे असे त्यांनाच विचारले जात होते. मोजमाप नसले की पुरावाही नसतो.

तपासणी महाग आहे, हे मी जाणतो. त्यासाठी लागणारी यंत्रे तालुक्याला बसवता येणार नाहीत. पण प्रत्येक विहीर तपासण्याची गरजही नाही. प्रत्येक तालुक्यात कोणते औषध किती विकले गेले, याची नोंद कृषी सेवा केंद्रांना साठा नोंदवहीत ठेवावीच लागते. कृषी विभागाने ती एकत्र केली, तर त्या तालुक्यात सर्वाधिक खपलेली दहा औषधे कोणती, हे एका आठवड्यात कळेल. तीच दहा औषधे त्या तालुक्यातल्या निवडक विहिरींत आणि एखाद्या तलावात वर्षातून दोनदा शोधावीत, एकदा खंडानंतरच्या मोठ्या पावसात आणि एकदा उन्हाळ्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेतच, परभणीला कृषी विद्यापीठही आहे. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, म्हणजे आपल्या विहिरीत काय उतरते हे ज्याला कळेल, तो ड्रम कुठे ठेवायचा ते आपणहून ठरवील.

ड्रम मात्र निकालाची वाट न पाहता आजच हलवता येतो. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला, पाइपाचे तोंड ड्रमातल्या पाण्याच्या वीतभर वर बांधलेले असावे. बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घालावे, कारण ते विकत घेतलेले औषधच असते.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावात दोन ठराव मांडणार आहोत. पहिला म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे औषध विक्रीच्या एकत्रित नोंदीची लेखी मागणी, आणि दुसरा म्हणजे गावाला पाणीपुरवठा करणाऱ्या विहिरीची त्या नोंदीनुसार तपासणी. मसुदा तयार आहे. आपल्या गावासाठी कोणाला हवा असल्यास कळवावे, तालुक्याचे आणि गावाचे नाव बदलून तो जसाच्या तसा वापरता येईल.