घोडा कोठे शे, भाऊ? रेसच्या घोड्यातले हिस्से विकणाऱ्या मेसेजला उत्तर

दत्तजयंती जवळ आली की आमच्या भागात घोड्यांशिवाय दुसरा विषय नसतो. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, राजस्थान-गुजरातेतून घोडे उतरतात आणि शहादा-दोंडाईचा रस्त्यावर चहाच्या प्रत्येक टपरीवर कुमैत, अबलख, पंचकल्याण हेच घोड्यांच्या रंग-खुणांचे शब्द ऐकू येतात. यंदा या गर्दीत एक मेसेज सुटला. माझ्या फोनवर तो चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. पुतण्याने तर कापसाचे पैसे त्यात घालायचं जवळजवळ ठरवलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मेसेज असा: मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर पळणारा घोडा सिंडिकेट करून, म्हणजे भागीत घ्यायचा. एकूण शंभर हिस्से. एक हिस्सा ५१ हजारांचा, त्यावर महिन्याला ३ हजार परतावा. खानदेशी माणसाला घोडा कळतो आणि रेसचे घोडे आपल्याच यात्रेतून जातात. ब्रिटनमध्ये एका मोलकरणीने गाव जमवून असाच घोडा केला, सगळे करोडपती झाले. जिंकणारा घोडा जिंकतच राहतो. तोटा झालाच तर करात वजा होतो. सुप्रीम कोर्टाची मान्यता आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: मागे मोठी माणसं आहेत, नावं गोपनीय, पैसा सुरक्षित.

आपल्या माणसाला घोडा कळतो हे खरं. माझे चुलते नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. यात्रेत घोडा बघताना ते आधी ओठ वर करून दात बघतात, मग गुडघ्याखालून हात फिरवत नळी गरम लागते का ते चाचपतात, मग मालकाला सांगतात, कडक जमिनीवर चालव. मऊ मातीत लंगडेपण लपतं. पण नाना जे घोडे बघतात ते मारवाडी आणि काठेवाडी. कानांची टोकं एकमेकांना भिडणारी, रेवाल चालीची, लग्नात नाचणारी जनावरं. त्यातला एकही महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर पळू शकत नाही. पळण्यात कमी पडतो म्हणून नव्हे, तिथे फक्त थरोब्रेड जातीलाच प्रवेश आहे. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडचा बापाकडचा वंश बायर्ली टर्क, डार्ले अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाऊन पोचतो. आपल्या देशात या जातीच्या शिंगराची नोंद स्टडबुकात, म्हणजे वंशाच्या नोंदवहीत होते. डीएनए तपासून आई-बाप पक्के करतात, मानेत मायक्रोचिप बसते, आणि पासपोर्टात अंगावरची प्रत्येक पांढरी खूण व प्रत्येक भोवरा आखलेला असतो. कृत्रिम रेतनाने झालेलं शिंगरू या नोंदीत घेतच नाहीत. आपण भोवरे शुभ-अशुभ म्हणून वाचतो, ते लोक ओळख म्हणून वाचतात. यात्रेत उभ्या असलेल्या घोड्याला असला कागद नसतो, आणि नंतर कितीही पैसे मोजले तरी तो तयार करता येत नाही.

आता ती मोलकरणीची गोष्ट. ही मला मनापासून आवडते, म्हणूनच तिची केलेली मोडतोड सहन झाली नाही. ती वेल्समधल्या केव्हन फॉरेस्ट या जुन्या कोळसा खाणींच्या गावातली. जॅन व्होक्स ही बाई सकाळी सुपरमार्केटात साफसफाई करायची आणि संध्याकाळी कामगारांच्या क्लबात बारमागे उभी राहायची. नवऱ्याच्या मदतीने तिने साडेतीनशे पौंडांना एक घोडी घेतली. घोडीचं शिंगरू भाजीपाल्यासाठी दिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर वाढलं. त्याचा खर्च पेलावा म्हणून गावातले लोक गोळा केले. एकूण तेवीस माणसं, आठवड्याला माणशी दहा पौंड. त्या घोड्याचं नाव ड्रीम अलायन्स. २००८ मध्ये त्याच्या पायाची शीर, म्हणजे टेंडन, जवळजवळ तुटली. अशा घोड्याला बहुतेक जण तिथेच संपवतात. या लोकांनी घोड्याच्याच कमाईतून मूळपेशींचे उपचार केले, दीड वर्ष थांबले, आणि डिसेंबर २००९ मध्ये तो चेपस्टोला वेल्श नॅशनल ही मोठी शर्यत जिंकला.

इथवर सगळं खरं. करोडपती मात्र कोणीही झालं नाही. त्या घोड्याने अख्ख्या कारकिर्दीत मिळवलेली बक्षिसं १ लाख ३८ हजार पौंडांच्या आसपास. ट्रेनर, डॉक्टर, वाहतूक सगळं भागवून तेवीस जणांच्या हाती माणशी १४०० पौंडांच्या आसपास आले. आणि हे राष्ट्रीय पातळीची शर्यत जिंकलेल्या घोड्याचं, म्हणजे हजारांत एखाद्याच्याच नशिबी येणाऱ्या यशाचं! त्या तेवीस जणांना परताव्याचं वचन कोणी दिलं नव्हतं. बाई एकमेकांच्या ओळखीची माणसं जमवत होती, एकाच क्लबात बसणारी, घोड्याला सरावात बघायला जाणारी. दहा पौंड गेले तर गेले, हे प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मेसेज लिहिणाऱ्याने त्या गोष्टीतून माणसं काढून टाकली आणि न मिळालेले करोड तेवढे घातले.

जिंकणारा घोडा जिंकतच राहतो, असं म्हणणाऱ्याने हँडिकॅप शर्यत कशी चालते ते पाहिलेलं नाही. प्रत्येक घोड्याला रेटिंग, म्हणजे कुवतीचा आकडा, असतं. घोडा जिंकला की रेटिंग चढतं, आणि रेटिंग चढलं की पुढच्या शर्यतीत त्याच्या पाठीवर जास्त वजन येतं. जॉकी हलका असला तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. चांगल्या घोड्याला मुद्दाम जड करायचं, म्हणजे बाकीच्यांनाही संधी मिळते. मोठ्या क्लासिक शर्यतींमध्ये हा हिशेब नसतो, पण तिथे वयाची अट असते. इंडियन डर्बी १९४३ पासून होते, अंतर २४०० मीटर, आणि ती फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी. रेसच्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एकदम वाढतं, मग जन्म फेब्रुवारीतला असो की एप्रिलमधला. म्हणजे डर्बी पळायची संधी घोड्याला आयुष्यात एकदाच. त्या आठवड्यात खोकला झाला, शीर सुजली, की संपलं.

आता गणित, पुतण्यासमोर पाटीवर मांडलं तसंच. शंभर हिस्से, महिन्याला प्रत्येकी ३ हजार. म्हणजे महिन्याला ३ लाख, वर्षाला ३६ लाख. ही रक्कम घोड्याचा सगळा खर्च भागवून वर उरली पाहिजे, दरवर्षी, न चुकता. बक्षीस मिळतं ते पहिल्या काही नंबरांना, बाकीचे नुसते पळून येतात. धडधाकट घोडासुद्धा वर्षातून मोजक्याच शर्यती पळतो. ट्रेनरची फी, दाणागोटा, नाल, डॉक्टर हे मात्र घोडा पळो न पळो, दर महिन्याला असतातच. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. मधल्या दिवसांतही घोडा खातोच. बक्षिसांचा मोठा आधार क्लबाला बेटिंगमधून मिळणारं उत्पन्न, आणि त्या बेटिंगवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. मग दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ३ हजार कुठून येणार? पुढच्या माणसाच्या ५१ हजारांतून. दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

कराचं थोडक्यात. रेसचे घोडे पाळण्यातला तोटा शेतीतून, पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही. तो फक्त रेसच्या घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे नेता येतो.

सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ चा, तामिळनाडूतल्या खटल्यातला. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे, म्हणून ती कायद्याच्या अर्थाने जुगार ठरत नाही, एवढंच तो सांगतो. कोणाच्या हिस्सेविक्रीला त्यात मान्यता नाही. उलट अनेकांचे पैसे एकत्र करायचे, ते दुसऱ्याने वापरायचे आणि पैसे देणाऱ्याला नफ्याचं आमिष दाखवायचं, हा सामूहिक गुंतवणूक योजनेचा प्रकार होतो आणि त्याला सेबीची नोंदणी लागते. परवानगीशिवाय ठेवी घेण्यावर २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, आपल्या राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. २०१२ च्या आसपास तामिळनाडूत इमू पक्षी पाळायला देऊन दरमहा पैसे देतो म्हणणारे असेच उभे राहिले होते. पक्षी राहिले, देणारे गेले.

राहिला शेवटचा मुद्दा, सगळ्यांत जास्त लोक ज्याला भुलले तो. मागे मोठी माणसं आहेत, नावं गोपनीय.

रेसच्या धंद्यात मालकाचं नाव गोपनीय नसतं. क्लबाने मंजूर केलेल्यालाच मालक होता येतं, भागीदारी किंवा सिंडिकेट असेल तर त्याचीही नोंद होते. शर्यतीच्या दिवशी छापील रेसकार्डात घोड्याचं नाव, त्याच्या आई-बापाची नावं, वय, पाठीवरचं वजन, ट्रेनर, जॉकी आणि मालक, सगळं असतं. जॉकीच्या अंगातल्या शर्टाचे रंगसुद्धा मालकाच्या नावावर नोंदलेले असतात, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळावं की घोडा कोणाचा. रीतसर चालणारी सिंडिकेट आहेत, त्यात हौसेने पैसे घालणारे डॉक्टर, व्यापारी, नोकरदार आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. ते आपलं नाव लावतात आणि तोटा आपला म्हणून सोसतात. त्यांच्यामागे आणखीही माणसं असतात, पहाटे चारला खरारा करणारा मोतद्दार, नालबंद, सरावाला घोड्यावर बसणारी पोरं. त्यांची नावं कार्डावर येत नाहीत, पण पागेत जाऊन विचारलं तर कोणीही सांगेल.

मेसेजवाल्यांचा माणूस आमच्या गावातही येऊन गेला. बोलायला गोड, कपडे स्वच्छ. ओट्यावर दहा-बारा जण जमले होते. त्याने मोबाइलवर एकाच घोड्याचे म्हणून दोन फोटो दाखवले. नानांनी फोन हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिले. पहिल्या फोटोत कपाळावर टिळा आणि मागचा एकच पाय घोट्यापर्यंत पांढरा. दुसऱ्यात टिळा तसाच, पण मागचे दोन्ही पाय पांढरे.

नानांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "घोडा कोठे शे, भाऊ?" म्हणजे घोडा कुठे आहे?

तो म्हणाला, पुण्याला.

"पुण्यामा कोठे? ट्रेनर कोण शे?"

ते सांगता येणार नाही म्हणाला, करारात गोपनीयता आहे. नानांनी फोन परत दिला. "फोटूमा नको, जित्ता दखाड." फोटोत नको, जिवंत दाखव. त्यानंतर तो माणूस चहा न घेता उठला, तरी दोघांनी रस्त्यावर गाठून त्याला आगाऊ पैसे दिलेच. त्यातल्या एकाचे पैसे आधीच एका पतसंस्थेत अडकलेले आहेत. तेव्हाही त्याला हेच सांगितलं होतं, मागे मोठी माणसं आहेत.

पुतण्याने मला विचारलं, काका, मग भागीत घोडा घेऊच नये का? मी त्याला नानांच्या पागेत घेऊन गेलो. तिथली मारवाडी घोडी चौघांची आहे: नाना, एक निवृत्त शिक्षक, एक जीपवाला आणि पपईची बाग असलेला एक शेजारी. सहा वर्षं झाली. घोडीने वरातींतून जे मिळवलं ते तिच्याच हरभऱ्यात गेलं, आणि चौघांपैकी कोणी ते कधी लपवलं नाही. दाराजवळ खुंटीला एक वही टांगलेली असते, येणाऱ्या-जाणाऱ्याने उघडून बघावी अशी. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घोडीला पोटशूळ उठला. ती सारखी खाली बसायला बघत होती, आणि लोळली तर आतड्याला पीळ पडेल म्हणून चौघांनी आळीपाळीने लगाम धरून तिला उजाडेपर्यंत फिरवली. पुतण्याने ते पान काढलं. नानांच्या थरथरत्या अक्षरात त्या रात्रीचा खर्च लिहिला होता: डॉक्टर, सलाईन, औषध, चहा. पुढे चार नावं, चार सारखे आकडे, आणि खाली चौघांच्या सह्या.