रत्नागिरीतलं मत्स्यालय राहिलंच की!

लेख छान, पण 'रत्नागिरीत एक दिवस'मध्ये टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग सगळं आलं आणि झाडगावचं मत्स्यालय तेवढं सुटलं. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात आहे ते. रंगीत परदेशी मासे कुठल्याही मॉलमध्ये दिसतात हो. इथे आपल्याच समुद्रातलं बघायला मिळतं, ही गंमत.

आमचा मुक्काम शेवंडीच्या टाकीपुढे. लेकीच्या पुस्तकातल्या लॉबस्टरला हे मोठ्ठे नांगे, आणि इथे नांग्यांचा पत्ताच नाही! "बाबा, हिचे तुटले का?" म्हटलं, नाही गं, आपल्याकडच्या शेवंडीला ते नसतातच. तिचं हत्यार म्हणजे त्या दोन काटेरी, लांबलचक मिशा. तेवढ्यात बाईसाहेबांनी एक मिशी काचेवरून अशी सावकाश फिरवली, की लेक दोन पावलं मागे.

शेजारी केंड, म्हणजे अंग फुगवणारा पफर मासा. जाळ्यात आला की आमच्याकडे शिव्या देऊन फेकून देतात, विषारी म्हणून. इथे मात्र छोटे पंख फडफडवत, गोल डोळे फिरवत ऐटीत हिंडत होता. तो फुगावा म्हणून एक गृहस्थ काचेवर टकटक करत होते. अहो, तो घाबरला की फुगतो, करमणूक म्हणून नाही!

तिथल्याच संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडाही चुकवू नका. मुलं बरोबर असतील तर किल्ला संध्याकाळी करा, हे आधी.