‘नोकरीच्या टेन्शनने अल्झायमर’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. अनेकदा फॉरवर्ड झालेला होता, म्हणजे तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा : नोकरीचं टेन्शन हेच अल्झायमरचं मूळ. कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक मेंदूच्या पेशी खातं. आक्रसलेला मेंदू पुन्हा भरून येत नाही. चाळिशीत नावं विसरायला लागलात तर सुरुवात झाली म्हणून समजा. म्हणून डोक्याला ताप देणारं काम सोडा, जमेल तितक्या लवकर रिटायर व्हा आणि टेन्शन घेणं बंद करा, ते तुमच्याच हातात आहे.

माझे बाबा एका बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते. ७४व्या वर्षी त्यांना स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे डिमेन्शियाचं, निदान झालं. अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. हल्ली दुपारी ते वर्तमानपत्राच्या पुरवण्यांचे नोटांएवढे कापलेले कागद मोजत बसतात. शेजारी ओल्या स्पंजची डबी लागतेच. बोट ओलं करायचं, शंभर मोजायचे, रबर लावायचं, वरच्या कागदावर सही करायची. शंभरात एक कमी-जास्त होत नाही. आईला मात्र ते कधीकधी आपल्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारतात.

आईने तो मेसेज वाचला आणि मला विचारलं, "तेव्हा व्हीआरएस घेऊ दिली असती तर?" २००१च्या सुमाराला सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. बाबांच्या मनात होतं. पण माझ्या धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग समोर होतं, आई नको म्हणाली. बाबा २००८ साली वयाच्या साठाव्या वर्षीच निवृत्त झाले. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या ‘नको’चा हिशेब आई आता रात्री जागून करते आहे. म्हणून हे उत्तर लिहिते आहे, मेसेजमधला एकेक दावा घेऊन.

‘टेन्शन हेच मूळ’

ताणाचा आणि स्मृतिभ्रंशाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. संबंध दिसलेला आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९६८ साली ३८ ते ६० वयाच्या १,४६२ स्त्रियांची तपासणी झाली. महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ टिकलेली चिडचिड, धास्ती, झोप न लागणं असं काही झालं का, हे त्यांना तेव्हा विचारलं. १९७४ आणि १९८०मध्ये पुन्हा विचारलं. पुढच्या ३५ वर्षांत त्यांच्यातल्या १६१ जणींना स्मृतिभ्रंश झाला. तिन्ही वेळा ‘हो, असा ताण आहे’ म्हणणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण ताण नाही म्हणणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. हा ताण केवळ नोकरीचा नव्हता. घरचा, तब्येतीचा, सगळाच त्यात धरला होता. खास नोकरीच्या ताणावरचे काही अभ्यासही स्वीडनमध्ये झाले आणि त्यांतही जोखीम वाढलेली दिसली.

पण ‘जोखीम वाढलेली दिसली’ आणि ‘हेच मूळ’ यांत फार अंतर आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत अ‍ॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा साठा लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून होत असतो. आतून आजार सुरू झालेल्या माणसाला रोजचं कामच जड जाऊ लागतं, आणि तो म्हणतो, ‘फार टेन्शन आहे’. अशा वेळी ताण हे कारण की पहिलं लक्षण, हे सांगता येत नाही. एकदा विचारून थांबलेल्या अभ्यासांपेक्षा गोथेनबर्गचा अभ्यास मला म्हणूनच जास्त भरवशाचा वाटतो. त्यांनी आजार होण्याच्या कितीतरी आधी, पुन्हापुन्हा विचारलं. तरीही तो संबंधच दाखवतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या जोखमींची यादी दिली. त्यात चौदा गोष्टी आहेत : कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायाम नसणं, दारूचा अतिरेक, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि दृष्टी अधू होणं. या सगळ्या मिळून जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे, असा आयोगाचा अंदाज आहे. नोकरीचा ताण या यादीत वेगळा नाही. पण यादी नीट पाहा. वर्षानुवर्षं पिळून निघणाऱ्या माणसाचं बीपी वाढतं, झोप मोडते, चालणं बंद होतं, सिगारेट हाताला लागते, मन खचतं. ताण या वाटांनी आत शिरतो. त्यातली सगळ्यात उघड वाट रक्तवाहिन्यांची. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये मांडलं. आणि पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंश येणं हे डॉक्टर रोज पाहतात.

बाबांच्या एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या जुन्या खुणा होत्या. पंचेचाळिशीपासून त्यांना बीपी होतं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ते गोळी मधेच सोडून द्यायचे. आम्ही कोणी गोळ्यांचं पाकीट मोजत नव्हतो.

‘कॉर्टिसोल पेशी खातं’ आणि ‘आक्रसलेला मेंदू भरून येत नाही’

हे दोन दावे एकत्रच घेते. कॉर्टिसोल विष नव्हे. ते नसेल तर माणूस जगत नाही. रोज पहाटे ते वाढतं म्हणून तर आपण उठून कामाला लागतो. ते सतत आणि फार वाढलेलं राहिलं तर मात्र हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नवी आठवण पक्की करणाऱ्या भागाला, त्रास होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की दीर्घ ताणात त्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात. पेशी जागेवर असतात, आणि ताण काढून घेतला की फांद्या बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात. माणसांत याचा पुरावा कुशिंग आजारात मिळतो. त्यात शरीर कॉर्टिसोल बेसुमार तयार करतं, हिप्पोकॅम्पस लहान होतो, आणि उपचारांनी कॉर्टिसोल खाली आलं की त्याचा आकार पुन्हा वाढलेला मोजता येतो.

अमेरिकेत २००९ साली परीक्षेच्या ओझ्याखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मेंदू स्कॅन करून पाहिले. एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवणं त्यांना इतरांपेक्षा जड जात होतं. परीक्षा संपली, महिनाभर विश्रांती मिळाली, आणि फरक नाहीसा झाला. ती मुलं तरुण होती, हे खरं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कामाच्या ताणाने पार थकून गेलेल्या लोकांच्या मेंदूचा पुढचा भाग पातळ झालेला आढळला. एक-दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तो अंशतः सुधारला होता. अंशतः. पूर्ण नाही. पण ‘भरून येतच नाही’ असं ज्याने लिहिलं त्याने आज ताणात असलेल्या हजारो लोकांची उमेद घालवली, आणि तीही पुराव्याविरुद्ध.

‘चाळिशीत विसरलात, तर सुरुवात झाली’

या वाक्याचा मला सगळ्यात राग आला. तीस ते चौसष्ट वयाच्या एक लाख माणसांमागे साधारण ११९ जणांना स्मृतिभ्रंश असतो, असा जगभरच्या आकडेवारीचा अंदाज आहे. म्हणजे चाळिशीत नाव आठवेना, कपाट उघडून कशाला उघडलं ते सुचेना, तर कारण बहुधा दुसरंच असतं : अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड, झोपेत श्वास अडणं, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. बी-१२ तर आपल्याकडे घरोघर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण ८१ टक्के. रक्त तपासून कळतं आणि औषधाने भरून निघतं. मेसेज वाचून घाबरलेला माणूस मात्र ‘आता काय उपयोग’ म्हणून तपासायलाच जात नाही.

खरी सुरुवात कशी दिसते ते मी घरात पाहिलं. आम्हाला शंका आली ती बाबा नावं विसरत होते म्हणून नव्हे. एकदा भाजीवाल्याला त्यांनी पाचशेची नोट दिली. भाजी एकशेचाळीसची. त्याने परत दिलेले पैसे हातात धरून ते उभेच राहिले. बरोबर आहेत की नाहीत हे ठरवता येईना. नोटा मोजायची सवय बोटांत टिकून होती, वजाबाकी गेली होती. तीस वर्षं जे आपोआप जमत होतं ते जमेनासं होतं आणि महिन्यामहिन्याने वाढत जातं, तेव्हा डॉक्टरांकडे जायला हवं.

‘डोक्याचं काम सोडा, लवकर रिटायर व्हा’

पुरावा याच्या उलट आहे. २०२१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास आला. बुद्धीला चालना देणारी कामं करणाऱ्यांत दर दहा हजार व्यक्ती-वर्षांमागे (एका माणसाचं एक वर्ष म्हणजे एक व्यक्ती-वर्ष) स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ४.८ होतं, चालना नसलेल्या कामांत ७.३. फ्रान्समध्ये स्वतःचा व्यवसाय करून निवृत्त झालेल्या सव्वाचार लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तर प्रत्येक जादा वर्षाच्या कामामागे जोखीम सुमारे ३ टक्के कमी दिसली. धडधाकट माणूसच जास्त वर्षं काम करू शकतो, ही मेख त्यात आहेच. तरी लवकर घरी बसल्याने मेंदू वाचतो असं यातून कुठेही निघत नाही.

याचा अर्थ आठवड्याला सत्तर तास राबावं असाही कुणी काढू नये. डोक्याला खाद्य मिळणं वेगळं, घड्याळाचे तास वेगळे.

‘टेन्शन घेणं तुमच्याच हातात आहे’

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि त्यावर आपला ताबा काहीच नाही, तेव्हा मोडतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ कर्मचाऱ्यांवर १९८५पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात कामावर ताबा नसलेल्यांना हृदयविकार जास्त झाला. नोकरीच्या ताणावर स्टॉकहोममध्ये झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंशाचा संबंधही ताबा नसण्याशीच जास्त दिसला.

बाबांचं काउंटर मला आठवतं. रांग किती असावी, एक तारखेला दुसरा माणूस मिळावा की नाही, यातलं काही त्यांच्या हातात नव्हतं. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर तूट खिशातून भरायची. एकदा नऊशे रुपये कमी पडले. ते रात्री साडेनऊला घरी आले आणि न जेवता अंथरुणावर बसून दिवसभरातली एकेक पावती मनातल्या मनात पुन्हा मोजत राहिले. त्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगणं म्हणजे दुसरा कॅशियर न देण्याचा दोष त्याच्याच माथी मारणं. आणि आजार झाल्यावर ‘घेतलंच कशाला’ म्हणणं हे त्याहून क्रूर आहे. आमच्या ग्रुपवर ते म्हटलं गेलं.

आईला मी सांगितलं, की हे सगळे अभ्यास हजारो माणसांची सरासरी सांगतात. २००१ साली बाबा घरी बसले असते तर आज काय असतं, हे एकही अभ्यास सांगू शकत नाही. व्हीआरएस घेऊन बीपीच्या गोळ्या तशाच मधेमधे सोडल्या असत्या तर रक्तवाहिन्यांचं तेच झालं असतं. चीनमधल्या ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेवकांनी लोकांचं बीपी नेटाने खाली ठेवलं. चार वर्षांत तिथे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण इतर खेड्यांपेक्षा १५ टक्के कमी राहिलं. हे २०२५ साली प्रसिद्ध झालं. बाबांना याचा उपयोग नाही, हे आईलाही कळतं.

ती ऐकून घेते, मान हलवते, आणि चार दिवसांनी पुन्हा व्हीआरएसचं काढते. मी पुन्हा सांगते.

बोलता बोलता लक्षात आलं की तिचं स्वतःचं बीपी कोणी कित्येक वर्षांत मोजलेलंच नाही. मोजलं. १६४/९६ निघालं. तिची गोळी मी आता बाबांच्या डबीशेजारी ठेवते आणि रविवारी दोघांची पाकिटं मोजते.