बॉबी देओलच्या दाढीला क्रेडिट देणाऱ्यांसाठी

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, मला तर तो चार ग्रुपवर आला, सोसायटीच्या, शाळेच्या आणि दोनदा नातेवाइकांच्या. मजकूर साधारण असा: चॉकलेट हिरोला कितीही दाढी लावा तो गुंड वाटत नाही, बॉबी देओलची सेकंड इनिंग म्हणजे जिम, दाढी आणि बॅकग्राउंड म्युझिक, डोळे अजून 'बरसात'मधल्या पोराचेच आहेत, खरा गुन्हेगार किंवा खरा आतून मोडलेला माणूस उभा करायला मनोज बाजपेयी, नवाजुद्दीनसारखे स्ट्रगल करून आलेले नट लागतात, आणि लोकांनी ज्याच्यावर एकदा प्रेम केलं त्याला ते वाईट माणूस म्हणून स्वीकारत नाहीत. खाली हसण्याचे इमोजी आणि 'सहमत', 'एकदम बरोबर'.

मी सहमत नाही, आणि का नाही ते नीट लिहायचंय कारण हा विषय माझ्या जवळचा आहे. १९९५ साली 'बरसात' आला तेव्हा मी आठवीत होते, धाकटी मावशी कॉलेजला होती आणि तिने बॉबीचा फोटो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला होता, बाहेरून लावला असता तर आजोबांनी फाडला असता. ते कुरळे केस, तो गॉगल, सगळं मला माहितीये. त्यामुळे 'तो हिरो काय होता हे तुम्हाला माहीत नाही' असं कुणी मला सांगू नका.

आधी दाढी आणि जिम. बॉडी आणि दाढीनेच काम होत असतं तर ते २०१८ मध्येच झालं असतं, कारण 'रेस ३'मध्ये दोन्ही होतं. शर्ट काढून उभा राहिला, दंड दाखवले, बॅकग्राउंड म्युझिक तर कान फुटेस्तोवर होतं, आणि सिनेमा संपल्यावर त्याच्या कॅरेक्टरचं काय लक्षात राहिलं? मला तरी काही नाही. नंतर २०२४ च्या 'कंगुवा'त तर गेटअप इतका जड होता की आत माणूस शोधावा लागत होता, तोही चालला नाही. म्हणजे नट तोच, शरीर तेच, दाढी त्याहून जास्त, आणि तरी दोनदा फसलं. मग जिथे जमलं तिथे दुसरं काहीतरी होतं हे मान्य करायला काय हरकत आहे?

ते दुसरं काहीतरी म्हणजे नेमके डोळे, ज्यांच्यावर मेसेजवाल्याचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. डोळे अजून गोड आहेत म्हणे. आहेतच! त्यामुळेच तर 'आश्रम'मधला बाबा निराला पटतो. भोंदू बाबा हा दिसायला राक्षस असून चालत नाही हो, त्याच्याकडे बघून बायाबापड्यांना वाटलं पाहिजे की हा आपलं ऐकून घेईल, हा आपल्याला जवळ करेल, तेव्हाच तर ते घरदार आणि लेकीबाळी त्याच्या ओटीत टाकतात. प्रकाश झांनी २०२० मध्ये ही सिरीज केली तेव्हा एखादा उग्र चेहऱ्याचा नट घेतला असता तर आपण पहिल्या एपिसोडलाच म्हणालो असतो, हे लोक मूर्ख आहेत का, दिसत नाही का यांना? बॉबी हसतो तेव्हा आपल्याला तसं म्हणता येत नाही. मावशीने दोन एपिसोड बघून मला फोन केला होता, म्हणाली, "अगं मेला अजून तस्साच हसतो गं, आणि आता त्याच हसण्याची भीती वाटते." मी तिला म्हटलं, मावशी तू हे लिहून ठेव, एवढं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आणि 'लव्ह हॉस्टेल', २०२२ चा, झी फाइव्हवर. हा फार कमी लोकांनी बघितला याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून पळालेल्या पोरापोरींना शोधून मारणारा डागर त्याने केलाय, बोलणं जवळपास नाही, चालणं संथ, घाई कुठेच नाही. आता जरा विचार करा, ज्या माणसाला आपण पडद्यावर प्रेमासाठी जगाशी भांडताना बघितलं तोच सत्तावीस वर्षांनी प्रेम करणाऱ्यांच्या मागावर निघालाय. डागरसाठी डायरेक्टर शंकर रामन यांना दुसरा नट मिळाला नसता असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या कुणाला बघून पोटात तसा खड्डा पडला नसता, कारण बाकी कुणाच्या बाबतीत आपल्याकडे ती आधीची आठवण नाहीये. जुनी इमेज म्हणजे नटाच्या गळ्यातलं लोढणं असं मेसेज म्हणतो. डायरेक्टरला वापरता आली तर तीच इमेज अर्धी पटकथा सांगून मोकळी होते.

हे काही बॉबीपासून सुरू झालेलं नाही. सैफ अली खान बघा. २००४ हे एकच वर्ष घ्या, 'हम तुम'मधल्या प्रेमळ, चिडवणाऱ्या मुलासाठी त्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं आणि त्याच वर्षी श्रीराम राघवनच्या 'एक हसीना थी'मध्ये तो आपल्या उर्मिला मातोंडकरला गोड बोलून जाळ्यात ओढतो आणि जेलमध्ये पाठवतो. चार्म तोच, फक्त तो आता गळाला लावलाय. उर्मिलाचं पात्र फसतं कारण आपणही फसलेलो असतो, पहिला अर्धा तास आपल्यालाही तो आवडलेला असतो.

मग मेसेजमधला स्ट्रगलचा मुद्दा. मनोज बाजपेयीबद्दल मला नितांत आदर आहे, १९९८ च्या 'सत्या'मधला त्याचा भिकू म्हात्रे म्हणजे काय होतं हे मुंबईत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पण एकाला मोठं म्हणायचं म्हणून दुसऱ्याला नट म्हणायचंच नाही हा कुठला न्याय? सैफ नवाबाच्या घरचा, इंग्लंडमध्ये शिकलेला, त्याला उत्तर प्रदेशच्या गावठी राजकारणातला माणूस कसा जमणार असं 'ओंकारा'च्या आधी कुणालाही वाटलं असतं. २००६ मध्ये विशाल भारद्वाजने त्याला लंगडा त्यागी केलं, केस बारीक कापले, दात घाण केले, पायात लंगडेपण दिलं, पण ते सगळं मेकअपवाल्याचं आणि डायरेक्टरचं काम झालं. त्या बोलीतली शिवी तोंडात अशी बसवणं की ती पाठ केलेली वाटू नये, आणि बाहुबलीचं, म्हणजे टोळीतल्या उजव्या हाताचं, पद आपल्याऐवजी केसूला गेल्यावर अपमान गिळून सगळ्यांबरोबर हसत राहणं, हे मेकअपने होत नाही, ते सैफने केलं. (त्या सिनेमाचं काही शूटिंग आपल्या वाईला झालंय, उत्तर प्रदेश म्हणून.) त्या वर्षीचं व्हिलनचं फिल्मफेअर त्यालाच मिळालं. स्ट्रगलमधून आलेल्या माणसाकडे अनुभवाचा साठा मोठा असतो हे खरंय, पण अनुभव नसलेला माणूस निरीक्षण करू शकतो, मेहनत करू शकतो, योग्य डायरेक्टरच्या हाती स्वतःला सोपवू शकतो. नाहीतर मग खुनी फक्त खुन्यानेच करायचा का?

राहिला 'लोक स्वीकारत नाहीत' हा मुद्दा. यावर फार लिहायची गरज नाही. ऋषी कपूर, १९७३ च्या 'बॉबी'पासून अख्ख्या देशाचा लाडका, २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये मुली विकणारा रौफ लाला झाला आणि थिएटरात माझ्या शेजारची बाई पदर तोंडावर धरून बसली होती. 'तान्हाजी'त सैफचा उदयभान आपल्याच सिंहगडावर आपल्याच माणसांना छळत होता आणि आपणच तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला. मराठीत स्वप्नील जोशी घ्या, 'मुंबई-पुणे-मुंबई'चा गोड मुलगा २०२० मध्ये 'समांतर'मध्ये कुमार महाजन झाला, नशिबाने पिचलेला, बायकोवर खेकसणारा, कुणाशीच धड न वागणारा. आणि समोर चक्रपाणी कोण, तर नितीश भारद्वाज! एकेकाळी टीव्हीवर कृष्ण झालेले दोघे समोरासमोर, एक आपलं भविष्य शोधतोय आणि दुसऱ्याने ते आधीच भोगलंय. आमच्या घरात आईने ते दोघं कृष्ण आहेत हे पाच मिनिटं बोलून घेतलं आणि नंतर गप्प बसून रात्री एकपर्यंत सिरीज बघितली. लोक स्वीकारतात, त्यांना स्वीकारण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं.

'ॲनिमल'बद्दल न बोलता पुढे गेले तर कुणीतरी विचारेलच. त्या सिनेमात बायकांना जसं वागवलंय ते मला अजिबात पटलेलं नाही, बॉबीने केलेल्या अबरारच्या लग्नाचा सीन बघताना मी मान फिरवली होती. पण ती तक्रार लिहिणाऱ्याकडे आणि डायरेक्टरकडे. नट म्हणून बघाल तर जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा रोल, तोंडात एक शब्द नाही, लहानपणी बसलेल्या धक्क्याने वाचा गेलेला माणूस, आणि भाऊ गेल्याचं कळतं तेव्हा जे काही होतं ते फक्त चेहऱ्यावर होतं. डोक्यावर ग्लास ठेवून नाचणं सगळ्यांनी रील्समध्ये कॉपी केलं, ती बातमी ऐकतानाचा चेहरा कुणी कॉपी करू शकलं नाही.

आता एक मुद्दा मेसेजच्या उलट बाजूचा, म्हणजे माझ्याच पार्टीतल्या लोकांचा, पण तोही मला खोडायचाय. फॅन लोक म्हणतात, बॉबीने खूप भोगलं म्हणून त्याला हे जमतं. तो मधली कित्येक वर्षं कामाविना घरी बसला होता, दारूत बुडाला होता, हे त्याने स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलंय आणि ते ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. तरीपण दुःख म्हणजे अभिनय नव्हे. घरी बसलेले, पिणारे, हरलेले नट या इंडस्ट्रीत शेकड्याने असतील, त्यातले किती डागर झाले? आणि लोक विसरतात की काळे रोल त्याला आधीही मिळाले होते, १९९७ च्या 'गुप्त'मध्ये तो खुनाचा आरोप असलेला फरारी होता, 'सोल्जर'मध्ये सूड घेणारा, २००० च्या 'बिच्छू'मध्ये तर चक्क सुपारी घेऊन मारणारा. 'बिच्छू'त तो मला पटला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. तेव्हा कॅमेऱ्याला केस आणि गॉगल हवे होते आणि त्यालाही तेच द्यायची सवय होती, प्रत्येक फ्रेममध्ये तो छान दिसत होता, रक्त लागलं तरी छान. फरक पडला तो त्याने छान दिसणं सोडून दिल्यावर, आणि सोडणं ही मेहनत आहे, ती आपोआप होत नाही.

हे जिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं तो 'क्लास ऑफ ८३' होता, 'आश्रम'च्या एक आठवडा आधी, ऑगस्ट २०२० मध्ये आलेला. शिक्षा म्हणून नाशिकच्या पोलीस ट्रेनिंग सेंटरमध्ये पाठवलेला विजय सिंग, बायको गेल्याचं ओझं मनावर, मुलाशी धड नातं उरलेलं नाही, आणि हाताशी बॅचमधली सगळ्यात मागची पाच पोरं. सिनेमा काही भारी नाही, दुसऱ्या भागात घाईघाईत उरकलाय. पण त्यात बॉबी कुठेही हिरोसारखा एंट्री घेत नाही. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी आज रात्री तो लावा आणि सुरुवातीचा अर्धा तास तो इतरांचं बोलणं ऐकत असताना फक्त त्याच्याकडे बघा.