नळ गळतोय? आधी साहेब शोधा

एकटीने पोर वाढवत असाल आणि बाथरूममधला शॉवर रात्री टिप टिप गळायला लागला, तर पान्हा शोधू नका. साहेब शोधा. साहेब म्हणजे घरातला पुरुष. तो स्वतः पान्हा धरत नाही. मेन कॉक कुठे आहे हेही त्याला बहुतेक ठाऊक नसतं. पण तो बाहेरच्या खोलीत पेपर उघडून नुसता बसलेला असला, तरी प्लंबरचा आकडा आपोआप उतरतो. माझ्या डोंबिवलीच्या घरात साहेब नाहीत, त्यामुळे किती उतरतो ते मला मोजून बघता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात जो आला त्याने दारातच विचारलं, "साहेब आहेत ना घरी?" म्हटलं, मी आहे. तो आत आला. चपला काढल्या नाहीत ते जाऊ दे. शॉवरचा नॉब दोनदा फिरवला, डॉक्टर पाठीवर टकटक करतात तशी टाइलवर टकटक केली आणि निदान सांगितलं. कुणाला? माझ्या मुलाला! अकरा वर्षांचा आहे, हाफ पँटवर दात घासत उभा होता. "छोटे साहेब, पप्पांना सांग, आतली बॉडी गेलीय. टाइल फोडावी लागेल. साडेचार हजार मजुरी, टाइल तुमची." पोराने तोंडात फेस घेऊन माझ्याकडे बघितलं. मी दोन फुटांवर उभी होते हो. हातात बादली घेऊन.

तर सल्ला असा, की मुलगा असेल तर त्याला लवकर बोलायला शिकवा. दुरुस्तीची सगळी बोलणी त्याच्यामार्फतच होणार आहेत.

घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न इथे गैरलागू असतो. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, आणि मी ती घेतली आहे. करारावर माझं नाव, शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव, कर्जाच्या हप्त्याला तर माझं आणि माझंच. मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचंही सरकारने ठरवलं, पण ते १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. आमचे छोटे साहेब आधीच आलेले. शिवाय हा जीआर प्लंबरपर्यंत पोचायला अजून वेळ आहे.

"साहेब कुठे असतात?" याची उत्तरं आधी पाठ करून ठेवा. दुबईला. बोटीवर. नाइट शिफ्ट करून झोपलेत, हळू बोला. खरं उत्तर देऊ नका. खरं उत्तर दिलं की माणूस आधी "अरेरे" म्हणतो, मग घरात एकदा नजर फिरवतो, आणि मग त्याचा दर वाढतो. क्रम ठरलेला आहे.

दाराबाहेर नऊ नंबरची पुरुषी चप्पल ठेवा, महिन्यातून एकदा तिला थोडा चिखल लावा.

आता हार्डवेअरचं दुकान. इथे जाताना जुना सुटा भाग सोबत न्यावा असं कुणी शहाणं माणूस सांगेल, आणि ते खरंच आहे. नॉबमागे पाणी उघड-बंद करणारा जो दांडा असतो तो स्पिंडल, त्याचे आटे आणि टोकाचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात, नुसतं "शॉवरचा स्पिंडल द्या" म्हटलं तर हमखास चुकीचा येतो. पण भाग नेलात म्हणजे काम झालं असं नाही. काउंटरवर बाई दिसली की दुकानदाराची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या माणसावर जाते. मागचा माणूस खिळे घ्यायला आलेला असतो, त्याला आधी खिळे मिळतात. मग तुम्हाला विचारलं जातं, "मॅडम, नक्की काय म्हणाला मिस्त्री? त्यालाच पाठवा ना." मिस्त्री नाही म्हटलं, मीच बसवणार. दुकानदार हसला. वाईट नव्हता माणूस, चहा पण विचारला. त्याने पोऱ्याला हाक मारली, "अरे, ताई स्वतः बसवणारेत!" आणि चौघं जण मला बघायला वळले. एकशे साठ रुपयांच्या स्पिंडलवर एवढी प्रसिद्धी दुसऱ्या कुठल्याच वस्तूत मिळत नाही.

टेफ्लॉन टेप मात्र मागायला विसरू नका. ती आट्यांच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सगळी सुटून येते. हे मी दोनदा उलटं करून शिकले.

पंखा हळू फिरत असेल तर ओळखीच्या प्रत्येक काकांना विचारा. सगळे एकमुखाने "पंखाच बदला" म्हणतील. बहुतेक वेळा गेलेला असतो तो कपॅसिटर, अडीच मायक्रोफॅरडचा, काड्यापेटीएवढा डबा. विजेचा मेन स्विच बंद करायचा, घोड्यावर, म्हणजे दोन पायांच्या शिडीवर, चढायचं, दांड्यावरची वाटी सरकवायची आणि जुना जसा जोडलेला होता तसाच नवा जोडायचा. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, म्हणजे वायर कुठली कुठे ते वाद होत नाहीत. अवघड आहे ते घोडा मिळवणं. "काही लागलं तर हक्काने सांग हं," असं मला या बिल्डिंगमध्ये आजवर अकरा घरांनी सांगितलंय. हक्काने सांगितलं, घोडा द्या. काकू म्हणाल्या, "अगं बाई, तू चढणार? पडलीस म्हणजे? पोराकडे कोण बघणार?" मग म्हणाल्या, "हे रविवारी आले की पाठवते." ते रविवारी आले, जेवले, झोपले. मी सोमवारी डायनिंग टेबलावर स्टूल ठेवून चढले, जे घोड्यापेक्षा दसपट धोक्याचं होतं. पंखा आता असा फिरतो की वर्तमानपत्र उडतं. काकूंना अजून वाटतं, "ह्यांनी" येऊन केलं असावं.

गिझरबाबत वायरमन "चालतंय की" म्हणाला तर डोळे मिटून विश्वास ठेवा. दोन हजार वॉटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपियर ओढतो, आणि त्याने तो सहा अँपियरच्या सॉकेटला जोडलेला असतो. चालतंय. सॉकेट वितळेपर्यंत चालतंय. आमचं वितळलं तेव्हा वास आधी पोराला आला. सोळा अँपियरचा सॉकेट आणि त्याला पुरेशी जाड वायर दुसऱ्या माणसाकडून टाकून घेतली. पहिल्याचा फोन आला, "ताई, काही तक्रार होती तर साहेबांकडून फोन करायचा ना."

गॅस आणि मीटरपेटीला हात लावायचा नाही. यात उपरोध नाही.

आता गच्चीची किल्ली. हा सल्ला थोडा लांबेल.

शॉवरचा स्पिंडल बदलायचा तर पाणी बंद करावं लागतं. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटच्या आत मेन कॉक नाही, प्रत्येक घराची लाइन थेट गच्चीवरच्या टाकीतून येते आणि तिचा व्हॉल्व्ह वरच असतो. गच्चीला कुलूप. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. मी सोमवारी मागितली. सेक्रेटरी म्हणाले, मिस्त्री आला की देतो. म्हटलं, मिस्त्री नाहीये, मी करणार आहे. म्हणाले, "गच्चीवर लेडीजना एकटं सोडत नाही आपण. काही झालं तर जबाबदारी कुणाची?" मंगळवारी ग्रुपवर मागितली. दोन जणांनी नमस्काराचे हात टाकले, एकाने सुप्रभात. बुधवारी परत गेले, तर म्हणाले, "कुणी जेंट्स नाही का घरात? भाऊ वगैरे? त्यांना पाठवून द्या, लगेच देतो." माझा भाऊ नागपूरला असतो. त्याने आयुष्यात बल्ब बदललेला नाही. तो आठशे किलोमीटर येऊन सेक्रेटरींकडून किल्ली घेणार आणि माझ्या हातात देणार, मग मी वर जाणार. ही पद्धत! इकडे रात्रभरात निम्मी बादली भरतेय, त्यात पोर सकाळी तोंड धुतंय, आणि "पाणी वाचवा" हा फलक याच सेक्रेटरींच्या सहीने जिन्यात लटकतोय.

महिन्याच्या पाच तारखेला मेंटेनन्सचा चेक घेताना या गृहस्थांनी मला एकदाही विचारलेलं नाही, की यावर साहेबांची सही कुठेय? मोठ्या दुरुस्तीच्या निधीचे पंचवीस हजार घेताना "कुणी जेंट्सला पाठवा" म्हणाले नाहीत. तेव्हा मी मेंबर. गच्चीत मात्र मी लेडीज. माझ्या पैशाने जी टाकी धुतली जाते, तिच्यापाशी जायला मला भाऊ लागतो. याच गच्चीवर ३१ डिसेंबरला तुमचे जेंट्स रात्री दोनपर्यंत काय करत होते, आणि सकाळी बाटल्या कुणी उचलल्या, तेव्हा कुठे होती जबाबदारी?

असो. किल्ली गुरुवारी मिळाली. वॉचमनने दिली, गुपचूप, त्याच्या आईकडेही घर एकटीच्याच जिवावर चालतं म्हणून. वर सोळा व्हॉल्व्ह, एकावरही नाव नाही, आणि गोल चाक्या गंजून बसलेल्या. फडक्याने धरून एकेक फिरवायचा, खाली बाथरूममध्ये पोर उभं, फोन चालू. "आई, चालूच आहे. चालूच आहे. अजून चालूच." मध्ये कुणाचं तरी पाणी गेलं आणि खालून कुणीतरी साबण लागलेल्या आवाजात ओरडलं. नववा माझा निघाला. त्यावर तिथल्या तिथे नेलपेंटने खूण केली. लाल. आता अंधारातही सापडेल.

मग खाली येऊन नॉबवरची चिमुकली टोपी नखाने उचकटली. आत एक स्क्रू. तो काढला, नॉब हातात आला. मागची स्टीलची चकती फिरवून काढली. आत पितळेचा षटकोन, त्याला पान्हा लावून डावीकडे जोर दिला. पहिल्यांदा हललं नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा मी सेक्रेटरींचं स्मरण केलं आणि कुर्रकन सुटलं. अख्खा स्पिंडल बाहेर. टाइल जागच्या जागी, बॉडी भिंतीत ठणठणीत. स्पिंडलच्या टोकाला रबराचा वायसर, मधोमध चिरलेला, सुकलेल्या खारकेसारखा. बास. एवढं गेलं होतं. साडेचार हजार आणि माझ्या न्हाणीघराची भिंत या चिरलेल्या वायसरसाठी जाणार होती. नवा स्पिंडल घालायला चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा पोराने पान्हा कुठे ठेवला ते शोधण्यात.

संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. शॉवरची बातमी पोचली होती. माझ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "शहाणा माझा! आईला मदत केलीस ना? घरात पुरुष माणूस असला की बरं असतं बाई."

बाई, मला आता सल्ले देता येत नाहीत. सरळ सांगते. ते काम मी केलं. त्याने फक्त "चालूच आहे" म्हटलं. त्याला घरचा पुरुष म्हणू नका, तो सहावीत आहे आणि अजून वरणभातावर तूप कुणी वाढलं नाही म्हणून रुसतो. माझ्यावर जेवढं ओझं आहे तेवढं पुरे, त्यातलं निम्मं त्याच्या दप्तरात भरू नका. पान्हा धरायला तो शिकेल, भाकरीही थापायला शिकेल, कारण दोन्ही मी शिकवणार आहे. मला कुणी शिकवलं नाही. लहानपणी घरी वायरमन आला की भाऊ त्याच्याजवळ टॉर्च धरून उभा राहायचा आणि मला चहा टाकायला पिटाळायचे. टॉर्च धरणाऱ्याला काही आलं नाही ते वेगळं.

आणि "हिंमतीची आहेस गं" हे तर अजिबात नको. वायसर बदलायला हिंमत लागत नाही. लागतो पान्हा, घोडा आणि किल्ली. पान्हा मी विकत घेतला, उरलेलं दोन्ही तुमच्याकडे होतं. घोडा तुमच्या पोटमाळ्यावर पडून होता आणि किल्ली तुमच्या चपलांच्या कपाटावर टांगलेली. हिंमतीचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत, म्हणून तेवढं सढळ हाताने वाटता तुम्ही.

सेक्रेटरीसाहेब, गच्चीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. एक जोडकिल्लीही करून घेतली आहे. तुमची हवी असेल तर परत देईन, पण तुम्ही येऊ नका. घरातल्या बाईंना पाठवा. मी त्यांच्याशीच बोलेन.