मोठ्या नराचा नियम आणि पानाचे छिद्र

'बलवान नरालाच मादी मिळते, हा निसर्गाचा नियम आहे' असे छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ हल्ली वारंवार समोर येतात. कीटकांकडे नीट पाहिले, तर हा नियम अर्धाच खरा आहे, आणि माझ्या मते उरलेला अर्धा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे.

खरा भाग नाकारण्याचे कारण नाही. दक्षिण भारतात झुडपांवर आढळणाऱ्या ओइकँथस हेन्री या नाजूक रातकिड्याचा नर पंखांवर पंख घासून साद घालतो. माद्या मोठ्या आवाजाकडे वळतात आणि थोराड नराशी अधिक वेळ समागम करतात. मग लहान चणीच्या, क्षीण आवाजाच्या नराने काय करावे? तो पानाला मध्यभागी आपल्या पंखांच्या मापाचे छिद्र कुरतडतो, त्यात बसतो आणि तेथून गातो. एरवी पंखांच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या ध्वनिलहरी कडांपाशी एकमेकींना मारून टाकतात. पान मध्ये आले की तसे होत नाही आणि आवाज कितीतरी वाढतो. ही युक्ती १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका जातीत नोंदवली गेली होती, पण ती वापरतो कोण आणि त्याच्या पदरात काय पडते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवले. वापरणारे बहुतांशी लहान किंवा हळू आवाजाचे नर होते. त्यांच्याकडे माद्या अधिक आल्या, आणि विशेष म्हणजे समागमाचा काळही वाढला. (अवजार वापरण्याची अक्कल फक्त माकडांना असते, असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.)

शेणकिड्यांची गोष्ट वेगळी. ऑन्थोफॅगस टॉरस या जातीत मोठे, शिंगे असलेले नर मादीच्या बिळाच्या तोंडाशी पहारा देतात, तर बिनशिंगी लहान नर बाजूने बोगदा खणून आत शिरतात. कोण मोठा होणार हे मुख्यतः आईबापांनी अळीसाठी शेणाचा केवढा गोळा पुरून ठेवला, त्यावर ठरते. म्हणजे ज्याला आपण पराक्रम म्हणतो, त्याचा बराचसा भाग अळीला मिळालेल्या शिदोरीचा असतो. शिवाय शिंगेही फुकट मिळत नाहीत: याच कुळातील दुसऱ्या एका जातीत प्रयोगाने शिंगांची वाढ रोखली, तेव्हा त्या नरांचे वृषण अधिक मोठे झाले.