उत्तरेत गेले म्हणजे बरोबरीची शाळा मिळाली?

'दक्षिणेतून शिकागोसारख्या शहरांत गेलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मुलांना गोऱ्यांच्या बरोबरीच्या शाळा मिळाल्या, कारण उत्तरेत वर्णभेद नव्हता,' असा मजकूर फिरतो आहे. तो निम्माच खरा आहे.

1910 ते 1970 दरम्यान सुमारे 60 लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेतली राज्ये सोडली, आणि मुलांचे शिक्षण हे त्यामागचे एक कारण होते. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत 1949-50 साली गोऱ्या मुलामागे 179 डॉलर खर्च होत, कृष्णवर्णीय मुलामागे 43. शिवाय कापूस वेचणीला मुले लागत, म्हणून शाळेचे वर्षही आखूड. शहरात वर्ष पूर्ण भरे.

चूक पुढे आहे. इंडियाना या उत्तरेतल्या राज्यात वेगळ्या शाळांना कायद्याचीच मुभा होती. ती 1949 साली गेली. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये 1874 पासून बंदी, तरी शिकागोत मुले वेगळीच बसली. कशी? शाळा पत्त्यावरून ठरे, आणि कित्येक घरांच्या कागदपत्रांत 'कृष्णवर्णीयांना विकू नये' अशी अट असे. (ती अट न्यायालयांनी अमलात आणू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1948 चा. वस्त्या तशाच राहिल्या.) कृष्णवर्णीयांची वस्ती दाटली, तिथल्या शाळांचे वर्ग तुडुंब भरले, मग अर्ध्या दिवसाच्या दोन पाळ्या. गोऱ्यांच्या शाळांत जागा असतानाही हद्दी बदलण्याऐवजी शिकागोच्या शाळांचे अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी या भरलेल्या शाळांच्या आवारात हलत्या खोल्या ठेवल्या. लोक त्यांना उपहासाने 'विलिस वॅगन' म्हणत. 22 ऑक्टोबर 1963 रोजी दोन लाखांहून जास्त मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला.